संशयाचा पगार

चेकवरची सही खरी की खोटी, याबद्दल संशय घेण्याचा मला गेली बावीस वर्षं पगार मिळतो आहे. हल्ली आम्हा क्लार्क मंडळींना भारदस्त इंग्रजी हुद्दा मिळाला असला, तरी काम तेच. समोरचा कितीही गोड हसो, त्याची सही नमुन्याच्या सहीशी ताडून बघायची. या सवयीपायी मी भाजीवाल्याने परत दिलेली नोटही उजेडात धरून बघतो, आणि आमची ही तेवढ्यात ओळख नसल्यासारखी चार पावलं पुढे निघून जाते. माझ्याइतका संशयी प्राणी अख्ख्या कामोठ्यात नाही, असं तिचं ठाम मत होतं. आमच्या वरच्या मजल्यावर बॉयलरवाले राहायला आले आणि माझा तो मान गेला. गेला तोही बॉयलरवाल्यांकडे नाही, तर त्यांच्या बॉयलरच्या डोळ्याकडे!

बॉयलरवाले तळोजा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलर अटेंडंट आहेत. सरकारी परीक्षा पास, फर्स्ट क्लास. (माझी बी.कॉम. सेकंड क्लास आहे, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.) बॉयलरचा कायदा इंग्रजांनी १९२३ साली केला, तो २०२५ साली जाऊन नवा आला, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. रात्रपाळी करून आले की रविवारी सकाळी आमच्याकडे चहाला टेकतात आणि चहा गार होईपर्यंत भट्टी पेटती ठेवतात.

"भाऊसाहेब," एकदा ते म्हणाले, "भट्टीत ज्योत आहे का नाही, कसं ओळखाल?"

"वाकून बघीन."

"बघून होईस्तोवर वर जाल!"

वर म्हणजे तिसऱ्या मजल्यावर नव्हे, हे त्यांच्या हातवाऱ्यावरून कळलं. मग त्यांनी समजावलं. आपल्या घरी दूध उतू जाऊन शेगडी विझली, तर गॅसला मुद्दाम घातलेला वास येतो आणि घरातलं कुणीतरी ओरडत येतं. (आमच्याकडे आधी ओरडतात, मग वास घेतात.) भट्टीत नाक घालायला कोण जाणार? ज्योत विझली आणि इंधन येतच राहिलं, तर ते आत साठतं. नैसर्गिक वायू हवेत साधारण ५ टक्क्यांहून कमी असला तर पेटत नाही, १५ टक्क्यांहून जास्त झाला तरी पेटत नाही. धोका मधल्यांचा. मध्यमवर्गाविषयी कुणी इतक्या आदराने बोलल्याचं मी प्रथमच ऐकत होतो. हा मधला वायू आतल्या तापलेल्या विटेला भेटला, की भट्टीचं दार शेजारच्या कारखान्यात सापडतं. तेव्हा ज्योत गेल्याबरोबर, म्हणजे एक ते चार सेकंदांत, इंधनाची झडप बंद व्हायला हवी. आमच्या बँकेत तेवढ्या वेळात चष्मा सापडतो.

या कामाला नेमलेले पहारेकरी निरनिराळ्या स्वभावाचे असतात. सगळ्यांत गरीब म्हणजे थर्मोकपल. दोन वेगवेगळ्या धातूंचा सांधा तापला की त्यातून इवलीशी वीज निघते आणि तिच्या जोरावर झडप उघडी राहते. ज्योत गेली की सांधा निवतो आणि झडप मिटते. अगदी सचोटीचा, पण आमच्या जुन्या शिपायासारखा. काम सांगितलं की करणार, मात्र निवायला अर्धा मिनिटही घेणार. घरगुती हीटरला चालतो. मोठ्या भट्टीत अर्ध्या मिनिटात घात होतो.

तेलाच्या बर्नरवर बहुधा फोटोसेल असतो. तेलाची ज्योत चांगली पिवळीधमक, तिचा उजेड पडला की हा म्हणतो, "आहे." पण उजेड म्हटला की तो लालबुंद विटेचाही असतो, आणि गॅसची निळी ज्योत तर याला धड दिसतच नाही. म्हणून काही डोळे उजेडाच्या थरथरीवर लक्ष ठेवतात. वीट एकसारखी तळपते, ज्योत मात्र लवलवते. जे लवलवत नाही ते खोटं! हे ऐकून मी थक्क झालो, कारण सही ओळखताना आम्हीही हेच बघतो. खऱ्या सहीत लय असते. फार काळजीपूर्वक काढलेली सही नकली असण्याचा संभव जास्त.

त्याच्याही वरचा अल्ट्राव्हायोलेटवाला डोळा. याला ज्योतीतले असे अदृश्य किरण दिसतात, की जे सूर्यापासून आपल्यापर्यंत पोचतच नाहीत, वरच्या वर ओझोनच्या थरात अडतात. त्यामुळे प्रत्यक्ष सूर्यनारायण समोर उभा राहिला तरी हा म्हणणार, "तुमची सही जुळत नाही." मात्र पेटवायच्या ठिणगीला हा फसू शकतो, आणि म्हातारपणी याला नसलेल्या ज्योती दिसू लागतात. म्हणून चांगल्या डोळ्यासमोर एक झाकण बसवतात. ते अधूनमधून मिटायचं, आणि मिटलेलं असताना "ज्योत दिसते" म्हणाला तर साहेब कामातून गेले, भट्टी बंद. ही पद्धत आमच्या काही वरिष्ठांना लावावी, असं मला फार वाटलं; पण रविवार होता.

माझा जीव मात्र जडला तो ज्योतीत खुपसलेल्या साध्या सळईवर. घरात येणारी वीज उलटसुलट धावते, सेकंदाला ५० फेऱ्या. ती सळईला जोडायची. ज्योत असली की तिच्यातल्या वायूतून वीज वाहू शकते. पण एका बाजूला बारीकशी सळई आणि दुसऱ्या बाजूला बर्नरचं ऐसपैस लोखंड, म्हणून जाताना सहज जाते, येताना अडखळते. जमा जास्त, नावे कमी. खाली शिल्लक उरते ती अँपिअरच्या दशलक्षांश भागांत मोजायची, पण उरते. आता समजा सळई वाकून लोखंडाला चिकटली, किंवा ओल धरून वायर शॉर्ट झाली. वीज वाहील, पण जितकी जमा तितकीच नावे! शिल्लक शून्य. म्हणजे व्यवहार भरपूर दिसतो, पण ज्योत नाही. मी बॉयलरवाल्यांना म्हटलं, "अहो, ही सळई कॉमर्सची आहे!" त्यांनी नुसती मान हलवली. फर्स्ट क्लास माणूस.

आणि एवढं करून भागत नाही. भट्टी पेटवण्यापूर्वी पंखा आतली जुनी हवा बाहेर घालवतो. तेव्हाच डोळा तपासला जातो : काहीच पेटलेलं नसताना "दिसते" म्हणतो का? म्हणाला तर सुरुवातच नाही. नंतर ठिणगी, इंधन, आणि ठरल्या सेकंदांत ज्योत दिसली नाही तर सगळं बंद. याला 'लॉकआऊट' म्हणतात. मग माणसाने स्वतः जाऊन लाल बटण दाबल्याशिवाय यंत्र हलत नाही. यंत्राने माणसावर टाकलेली एवढीच काय ती जबाबदारी.

तीच अंगावर आली, गेल्या पावसाळ्यात. बॉयलरवाल्यांचा तेलाचा बॉयलर रात्री दोनला लॉकआऊट झाला. त्यांनी फोटोसेल काढून फडक्याने पुसला, बटण दाबलं. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा दाबायला ते तयार होईनात. दर खेपेला आत तेल फवारलं जातं आणि न जळलेलं तेल भट्टीत साचतं. तिकडे वाफ नाही म्हणून प्लँट खोळंबलेला. फोनवर साहेब म्हणाले, "सेन्सरच गेलाय. टॉर्च दाखव त्याला अन् चालू कर." तेलाचा डोळा टॉर्चला फसतो, हे साहेबांना ठाऊक होतं. बॉयलरवाल्यांनाही होतं. टॉर्च खिशातच होता. कंत्राटी नोकरी, मुलगी बारावीला, घराचा हप्ता दहा तारखेला. तो हप्ता आमच्याच शाखेत येतो, म्हणून आकडासुद्धा मला माहीत आहे.

"मग?" आमच्या हिने विचारलं. चहा तिच्या हातातच राहिला होता.

"मग काय वहिनी, टॉर्च लावला आन् टाकीकडं गेलो."

टाकीच्या तळाचा नळ सोडला, तर बादलीत आधी पाणीच आलं. पावसाचं पाणी तेलात शिरलं होतं. ज्योत खरोखरच विझत होती. डोळा बिचारा पहिल्यापासून खरं बोलत होता. पाणी काढून टाकलं, भट्टी उघडून आतलं तेल पुसलं, पंखा भरपूर फिरवला आणि सकाळी साडेसहाला बॉयलर पेटला. साडेनऊला मेमो मिळाला : चार तास उत्पादन बुडवल्याबद्दल खुलासा करावा.

मेमोचं उत्तर म्हणजे आम्हा बँकवाल्यांचा खास प्रांत. मी दीड पानी इंग्रजी मसुदा केला; 'विथ रेफरन्स टू' दोनदा आणि 'काइंडली' पाच वेळा आलं होतं. बॉयलरवाल्यांनी तो शांतपणे वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि माझंच पेन मागून मेमोच्या खाली मराठीत लिहिलं, "ज्योत नव्हती, म्हणून बंद ठेवला." खाली सही केली.

मी ती सवयीने दोनदा बघितली. चांगली लवलवती होती.

मेमोवर अजून निर्णय नाही. कंत्राट मार्चपर्यंत आहे. या आठवड्यात त्यांची दुसरी पाळी, त्यामुळे रविवारचा चहा दुपारी होईल, असं ही म्हणाली.