आठ फुटांचं अंतर

माणसाच्या आळसाला नावं ठेवायची आपल्याकडे फार जुनी चाल आहे, आणि मीही त्यात कधी मागे नव्हतो. टेलिव्हिजनसमोर लोळत हातातल्या रिमोटची बटणं दाबणारी मंडळी दिसली, की माझ्यातला निवृत्त मास्तर जागा व्हायचा. "चार पावलं उठून गेलात तर पाय झिजतील का रे?" हा माझा ठरलेला प्रश्न. १९५० साली अमेरिकेत टेलिव्हिजनसाठी तारेचा रिमोट निघाला आणि त्याचं नावच मुळी 'लेझी बोन्स', म्हणजे आळशी हाडं, असं ठेवलं गेलं, हे कुठंसं वाचल्यापासून तर माझ्या प्रश्नाला पुराव्याचीही जोड मिळाली होती.

पण आळस वेगळा आणि अगतिकता वेगळी, हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी समजलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्या हिला अर्धांगाचा झटका आला. थोडक्यात निभावलं असंच म्हणायचं. बोलणं शाबूत राहिलं, आणि मला कोपरखळ्या मारण्याची हौस तर तसूभरही कमी झाली नाही. परंतु उजवी बाजू लुळी पडली. उजवा हात कुणाचाही गेला तरी वाईटच. पण हिचा उजवा हात पेटीवर फिरणारा होता. लग्न झाल्यापासून आमच्या घरात दिवेलागणीनंतर पेटी निघाली नाही, असे दिवस विरळा. उजव्या हाताची बोटं स्वरांवर धावायची आणि डावा हात बिचारा मुकाट्यानं भाता हालवायचा. टाळ्या मिळायच्या त्या उजव्याला.

पेटी कपाटावर चढली. ठाण्यातला आमचा ब्लॉक दोन खोल्यांचा. बाहेरच्या खोलीतला संगणक मी हिच्या पलंगासमोरच्या टेबलावर आणून ठेवला आणि त्यात जुनी नाट्यगीतं भरून घेतली. हिला सर्वांत प्रिय म्हणजे १९११ सालच्या 'मानापमान' नाटकातली पदं. त्यांच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या, आणि गोविंदराव स्वतः पेटीवाले. तेव्हा ही त्यांना आपल्या माहेरचंच माणूस समजते.

पलंगापासून टेबल बरोबर आठ फुटांवर. आठ फूट म्हणजे काही फार नव्हे. मला तीन पावलं, हिला काशी-रामेश्वर.

बिनतारी माउसही मी आणून पाहिला. पण माउसाला खाली सपाट जागा लागते, आणि गोधडीवर त्याचं काही चालेना. शेवटी कारभार माझ्याकडेच राहिला. मी स्वयंपाकघरात कुकर लावीत असायचा आणि आतून हाक यायची, "अहो, ती जागा पुन्हा लावता का?" मी पद ऐकतो, ही पदातली एकेक जागा ऐकते. एखादी हरकत कशी घेतली, पेटीनं ती कशी झेलली, हे तिला पुन्हा पुन्हा न्याहाळायचं असतं. मी गुडघे सावरीत यायचा, गाणं दहा सेकंद मागं न्यायचा आणि परत जायचा. ओट्याशी पोचतो न पोचतो तोच पुन्हा, "अहो!"

एका संध्याकाळी तिसरी हाक आली आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. मी तिथूनच ओरडलो, "तेच तेच किती वेळा ऐकायचं माणसानं?"

ती एवढंच म्हणाली, "राहू द्या."

त्यानंतर हाका कमी झाल्या. लावून दिलेलं गाणं ती मुकाट्यानं शेवटपर्यंत ऐकू लागली. तिची हौस फिटली असं मला वाटलं. खरं म्हणजे तसं वाटून घेणं मला सोयीचं होतं.

मग एके दिवशी वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा आईनं पाठवलेली आमटी घेऊन आला. पलंग, टेबल आणि मी, असा आमचा त्रिकोण त्यानं थोडा वेळ पाहिला आणि विचारलं, "आजी, तुमचा फोन कुठाय?"

'केडीई कनेक्ट' नावाचा एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम त्यानं संगणकात घातला, त्याचाच जोडीदार मोबाइलमध्ये घातला. दोघांना एकमेकांची नावं दिसली. एकानं मागणी घातली, दुसऱ्यानं होकार दिला, आणि सोयरीक जुळली. अट एकच : दोघं घरातल्या एकाच वायफायवर असायला हवेत. बोटाची हालचाल मोबाइल त्या वायफायच्या पेटीला कळवतो आणि पेटी ती संगणकाला पोचवते. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी यांचं अडत नाही. घरातल्या घरात निभावून नेणारं हे जोडपं मला पाहताक्षणी आवडलं.

मोबाइलची काच आता नुसती पाटी झाली. पाटीवर बोट सरकलं की तिकडे पडद्यावरचा बाण सरकतो. एकदा टिचकी मारली की माउसाचं बटण दाबल्यासारखं होतं. दोन बोटं वर-खाली ओढली की पान वर-खाली जातं. गाणं थांबवायला, मागं न्यायला, आवाज वाढवायला निराळी बटणं आहेत. जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. तो प्रयोग मी वर्गात किती वर्षं रंगवून सांगितला होता! पण अशा लहरींचा आपल्या घरातल्या पलंगाशी काही संबंध पोचेल, हे मात्र मला सुचलं नव्हतं.

पहिले चार दिवस गंमतच झाली. बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन दडे. एकदा आवाज एवढा वाढला की शेजारच्यांनी दार ठोठावलं. मोबाइल पलंगाखाली पडला की पुन्हा "अहो" होतंच. म्हणून मी त्याला नाडी बांधून ती उशाशी अडकवली. पण आठवड्याभरात तिचा अंगठा सरावला. डावा अंगठा! जन्मभर भाता हालवणाऱ्या हाताची पाळी अखेर आली होती.

आणि एका संध्याकाळी मी भाजी चिरत असताना ते पद लागलं. ती जागा आली, गेली, आणि गाणं मागं आलं. पुन्हा तीच जागा. पुन्हा मागं. मी नकळत मोजू लागलो. चार, पाच, सात... ती जागा तिनं अकरा वेळा ऐकली.

अकराव्या वेळी माझा हात थांबला. इतके महिने ती एकदा मागत होती, फार तर दोनदा. उरलेल्या नऊ वेळा ती माझे गुडघे मोजत होती, माझ्या कपाळावरच्या आठ्या मोजत होती, आणि मनातल्या मनात म्हणत होती, राहू द्या. तुम्ही म्हणाल, त्यात एवढं काय, गाणंच ते! पण प्रत्येक लहानसहान इच्छेसाठी दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावं लागणं, हे मला लुळ्या हातापेक्षाही मोठं दुखणं वाटतं. त्याच्यावरचं औषध डॉक्टरांनी लिहून दिलं नव्हतं, आणि माझ्या तर लक्षातही आलं नव्हतं.

आता हाका येत नाहीत. कुकर निवांत होतो, दूध उतू जात नाही, आणि खरं सांगायचं तर मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं होतं. माणसाला कामाचा कंटाळा येतो, पण कुणाला आपली गरज नाही हेही सोसत नाही.

परवा मात्र हाक आली. "अहो!"

मी ओले हात पुशीत धावलो. "काय झालं? बंद पडलं का?"

"काही नाही झालं. बसा जरा. ही जागा ऐका."

मी पलंगाच्या कडेला टेकलो. तिचा अंगठा काचेवरून हलला, गाणं मागं गेलं, आणि ती जागा आली. इतक्या वर्षांत मी ती कधी ऐकलीच नव्हती.

जागा सरली तशी मी म्हणालो, "पुन्हा एकदा लावतेस का?"