नटबोल्टांची पेटी

वाकोल्यात बाकी काय वाट्टेल ते मिळतं, शांतता तेवढी मिळत नाही. डोक्यावर विमान, बाजूला हायवे, देवळाची घंटा, चर्चची घंटा, मशिदीची अजान आणि वरच्या मजल्यावरचा मिक्सर ही मंडळी एकमेकांना सम न दाखवता अखंड गात असतात. अशा ठिकाणी आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, चाळीस वर्षं पेटीवर भजनं म्हटली. विमान आलं की अण्णा भाता थांबवायचे आणि ते गेलं की बरोब्बर त्याच मात्रेवरून उचलायचे. तबलजी नवा असला तर तो विमानाबरोबरच जायचा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेनं एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस मोजला. मोजून झाल्यावर त्यातला बराचसा वाकोला नाल्यानं आमच्या तळमजल्यावर आणून पोचवला. कंबरभर पाणी. तांदूळ, गाद्या, रेशनकार्ड हे हातोहात माळ्यावर गेलं. शेवटच्या खेपेला पेटी आणि टीव्ही असे दोनच जिन्नस उरले, आणि हात माझे दोनच. मी टीव्ही उचलला.

अण्णा तेव्हाही काही बोलले नाहीत, नंतरही नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. टीव्ही पुढे दोन वर्षांत बिघडला आणि भंगारवाल्यानं त्याचे दीडशे रुपये दिले. पेटी वाळवली तेव्हा तिच्या काही पट्ट्या मुक्या झाल्या होत्या, काही नाकात बोलत होत्या आणि काळी पाच दाबली की आतून कुणीतरी पत्र्यावर खिळा घासल्यासारखं करत होतं. दुरुस्तीवाला म्हणाला, नवीन घ्या. अण्णांनी ती जुन्या लुगड्यात गुंडाळून कॉटखाली सरकवली आणि गाणं बंद केलं.

आमची कन्या तेव्हा सहा वर्षांची. सा रे ग म ती त्याच पेटीवर शिकली होती. पुढे ती चर्चजवळच्या एका मिसकडे पियानो शिकली, मग पाश्चात्त्य पद्धतीचं गाणं, आणि आता एका चार जणांच्या चमूत गाते. हे लोक ‘समकालीन’ संगीत करतात. मी कार्यक्रमपत्रिका पाहिली. हेन्री कॉवेल वारला १९६५ साली, जॉन केज १९९२ साली, बेरिओ २००३ साली. मेल्यावर इतकं समकालीन राहणं आपल्याकडे फक्त संतांना जमलं आहे.

पास तीन होते. ‘अण्णांना नको नेऊ या,’ कन्या म्हणाली. तिच्या आवाजातली भीती मला ओळखीची होती. अण्णांच्या कॉटखाली पाहताना मलाही तशीच वाटते. पण चौऱ्याऐंशी वर्षांचे अण्णा टोपी घालून दारात उभे होते. सांताक्रूझहून स्लो गाडी धरली आणि फोर्टातल्या त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसलो. चांगल्या कार्यक्रमात पहिली रांग कधी रिकामी नसते, हे मला तिथे बसल्यावर आठवलं.

सुरुवात कॉवेलच्या १९२५ सालच्या रचनेनं. पियानोवाल्या पोरानं पट्ट्यांना हातच लावला नाही. झाकण उघडून आत वाकला आणि तारा नखांनी खरवडू लागला. आमची ही कुजबुजली, ‘बिघडलाय वाटतं. आधी बघून नाही का ठेवायचा?’

मग कन्या एकटी उभी राहिली. बेरिओनं १९६५ च्या सुमारास कॅथी बर्बेरियन या गायिकेसाठी ही चीज लिहिली. तीत बाई हसते, खोकते, पुटपुटते, जीभ टाळूवर वाजवते, आणि मधूनच एखादा सूर असा लावते की काळजात चर्र होतं. हिनं पर्समधून खडीसाखर काढली. ‘सांगत होते रात्री आईस्क्रीम खाऊ नकोस!’ अण्णा मांडीवर बोटांनी ताल मोजत होते. दोन मिनिटांनी त्यांची बोटं थांबली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर केजची ती १९५२ सालची प्रसिद्ध रचना. पियानोवाला बसतो, झाकण लावतो आणि चार मिनिटं तेहतीस सेकंद काहीही वाजवत नाही. तीन भाग आहेत म्हणे. एअरकंडिशनरची घरघर, कुणाच्या तरी पिशवीची चेन, बाहेर टॅक्सीचा हॉर्न. वाकोल्यात हाच प्रयोग केला असता तर हाऊसफुल्ल ऑर्केस्ट्रा झाला असता. टाळ्या पडल्या तेव्हा अण्णा गंभीरपणे म्हणाले, ‘तयारीचा आहे. एकदासुद्धा चुकला नाही.’

मध्यंतरात सगळे चहाला गेले, अण्णा गेले नाहीत. पियानोवाला पोरगा कागदावर बघून तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबराचे तुकडे अडकवत होता, आणि अण्णा मेकॅनिककडे गाडी दिल्यासारखे टक लावून बघत होते. कन्येनं येऊन घाईघाईनं खुलासा केला. सिॲटलमध्ये एका नृत्याला केजला तालवाद्यांचा ताफा हवा होता, पण रंगमंचावर जागा नव्हती, म्हणून त्यानं एका पियानोतच सगळा ताफा कोंबला. (मनानं मुंबईकरच म्हणायचा.) पुढे १९४६ ते ४८ मध्ये त्यानं सोळा सोनाटा आणि चार इंटरल्यूड लिहिले, त्यासाठी पंचेचाळीस सुरांच्या तारांत हा जामानिमा करावा लागतो. त्याच सुमारास अहमदाबादच्या गीता साराभाई न्यूयॉर्कला गेल्या होत्या. त्यांनी केजला आपलं संगीत शिकवलं, त्यानं त्यांना तिकडचं शिकवलं; फी कुणीच घेतली नाही. आणि या रचनांत आपले नवरस आहेत, सगळे शेवटी शांतरसाकडे जाणारे. ‘तुम्हाला आवडणार नाही, आजोबा,’ एवढं म्हणून ती पळाली.

पोरगा वाजवू लागला. एक पट्टी दाबली की घुंगरू, दुसरी दाबली की मडकं, तिसरी नाकात बोलली, चौथी मुकीच. मग खालून एक सूर आला, पत्र्यावर खिळा घासल्यासारखा. अण्णांनी माझं मनगट धरलं.

‘काळी पाच,’ ते म्हणाले.

काळी पाच होती की नव्हती, देव जाणे. मला काळी पाच आणि पांढरी तीन यांतला फरक आजही कळत नाही. पण कार्यक्रम संपेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. पुढच्या तासाभरात मला नवरसांपैकी किमान सहा येऊन गेले.

बाहेर कन्या खाली मान घालून उभी होती. अण्णांनी तिला विचारलं, ‘त्या मुलाला बिघडवायला किती वेळ लागतो?’

‘दोन-तीन तास. आज बरंचसं दुपारीच करून ठेवलं होतं.’

‘आपली तयारच आहे,’ अण्णा म्हणाले.

घरी पोचायला अकरा वाजले. मी टोपी, चपला, औषधाच्या गोळ्या यांत वेळ काढत होतो. आतून कॉटखाली काहीतरी सरकल्याचा आवाज आला. मी जाऊन दुसऱ्या बाजूनं धरली. पाण्यात भिजलेली नसतानाही ती चांगलीच जड होती. वीस वर्षांपूर्वी हे ओझं उचललं असतं तर—असं काहीतरी मी म्हणायला गेलो, तर अण्णा म्हणाले, ‘सांभाळून, खालचा पाय मोडलाय.’

लुगडं सोडलं. भात्यातून आधी नुसता धुरळा निघाला, मग एक झुरळ, मग सा. म्हणजे सा असावा. कन्येनं शेजारी बसून तो सूर तसाच्या तसा, खरखरीसकट, गळ्यातून काढला. ही स्वयंपाकघरातून ओरडली, ‘अहो, लोक झोपलेत!’

अण्णांनी दुसरी पट्टी दाबली आणि तोंड उघडलं. तेवढ्यात विमान आलं. अण्णांनी भाता थांबवला, एक बोट वर केलं, आणि आम्ही तिघं ते जाण्याची वाट बघत बसलो.