पत्र देईन, पण काम केल्यावर

परदेशात उन्हाळी कॅम्पवर काम करायला जायचं तर मुलं सांभाळल्याचा अनुभव लागतो, हे मला भाचीच्या मुलीमुळे कळलं. ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत अमेरिकेला जायचं, तिथल्या मुलांच्या कॅम्पवर काम करायचं आणि जमलं तर थोडा देश बघून यायचं, असा तिचा बेत. अर्जात एक रकाना होता : लहान मुलांबरोबर केलेलं काम. आणि ते काम ज्यांनी पाहिलंय अशा माणसाचं पत्र.

एका ओळखीच्या क्लासवाल्यांनी तर "देतो की सहा महिन्यांचं लिहून" असं सांगूनही टाकलं होतं. भाची म्हणाली, "मामा, त्यापेक्षा तुमचंच पत्र द्या. तुमची सगळी नोकरी शाळेत गेली, ते जास्त शोभेल."

मी म्हटलं, देतो, पण काम केल्यावर. झालं! जरा रुसवाफुगवा झाला. "तिकडून कोण बघायला येणार आहे?" हा प्रश्नही आला. कोणी येणार नाही हे खरंच. पण त्या पत्रावर विसंबून कुणीतरी आपलं मूल हिच्या हाती सोपवणार आहे, त्याचं काय?

आपल्याला कॅम्प म्हणजे सहल वाटते. तिकडे ती जुनी प्रथा आहे. १८६१ मध्ये कनेटिकट राज्यातले एक शाळामास्तर, फ्रेडरिक गन, आणि त्यांची पत्नी ॲबिगेल यांनी आपल्या शाळेतल्या मुलांना चालत समुद्रकिनारी नेलं आणि दोन आठवडे तंबूत ठेवलं. तिथल्या कॅम्पची सुरुवात बहुतेक तिथून धरतात. (मास्तरांनीच सुरू केलं हे वाचून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!) आता बाहेरच्या देशांतल्या तरुणांनाही तिथे काम मिळतं. त्यासाठी जे-१ व्हिसाचा एक वेगळा प्रकार आहे. वय किमान १८ हवं, इंग्रजी बऱ्यापैकी हवं, मुलाखत होते आणि जास्तीत जास्त चार महिने राहता येतं.

पण काम चोवीस तासांचं. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या मानकांप्रमाणे निवासी कॅम्पात ६ ते ८ वर्षांच्या सहा मुलांमागे आणि ९ ते १४ वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस हवं. एकोणीस वर्षांची आपली पोर तिथे 'मोठं माणूस' असणार. रात्री अकराला एखादं मूल आईच्या आठवणीने रडायला लागलं, की उठायचं तिनेच.

म्हणून मी तिला आधी आमच्या गल्लीतल्या बालवाडीत पाठवलं. कॉलेज दुपारचं, त्यामुळे आठवड्यातून तीन सकाळी जमत होत्या. पहिल्या आठवड्यात ती रोज वैतागून येई. "मामाआजोबा, मी गोष्ट सांगते तर चौघंच ऐकतात." मी म्हटलं, बाकीची काय करतात ते बघ आधी. हळूहळू तिला दिसायला लागलं. कोण डबा न खाता परत नेतो, कोण भांडणाआधी गप्प होतो, कुणाला शू लागली की तो दाराशी जाऊन नुसता उभा राहतो. बागेत नेताना, पोचल्यावर आणि निघताना अशी तीनदा डोकी मोजायची सवय लागली. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता : कुठल्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, दुसरं कुणी दिसेल असं बसायचं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानंतर आपल्याकडेही याचं भान वाढलं आहे. यात मुलाचं रक्षण आहे आणि आपलंही.

पण खरा अनुभव दिवाळीच्या सुट्टीत आला. एका संस्थेचं मुलींचं चार दिवसांचं निवासी शिबिर होतं, तिथे ती मदतनीस म्हणून गेली. दुसऱ्या रात्री दहा वर्षांच्या एका मुलीचं अंथरूण ओलं झालं. आमच्या पोरीने दुसऱ्या ताईंना हळूच उठवलं, दोघींनी मिळून चादर बदलली, मुलीला कोरडे कपडे दिले आणि सकाळी कुणापाशी चकार शब्द काढला नाही. हे मला त्या शिबिराच्या ताईंनी फोनवर सांगितलं. तिने स्वतः सांगितलं नव्हतं. त्या दिवशी मी पत्र लिहायला बसलो.

पत्रात विशेषणं घातली नाहीत. किती आठवडे, आठवड्यातून किती दिवस, मुलांची वयं काय, एका वेळी किती मुलं हिच्याकडे असत, एवढं लिहिलं. शाळेत दाखले लिहून लिहून कळलेली गोष्ट म्हणजे 'होतकरू, मनमिळाऊ' वाचून कुणाला काहीच समजत नाही. बालवाडीच्या बाईंनी आणि शिबिराच्या ताईंनी वेगळी पत्रं दिली, कारण रोजचं काम त्यांनी पाहिलं होतं.

मुलाखत जानेवारीत झाली. घरच्या आठवणीने रडणाऱ्या मुलाला काय सांगशील, असं विचारलं. ती म्हणाली, "उद्या घरी सोडते असं खोटं सांगणार नाही. जवळ बसेन, घरातल्या माणसांबद्दल बोलू देईन आणि सकाळी त्याला एखादं काम देईन." पोहता येतं का? "नाही." मग काय शिकवशील? "लगोरी!" सात चपट्या ठिकऱ्या आणि एक चेंडू, एवढ्यावर वीस मुलं तासभर खेळतात, हे तिने समजावून सांगितलं म्हणे.

निवडीचं अजून कळायचं आहे. पोलिसांचा दाखला, व्हिसा हे पुढचं. ज्या घरात असे अर्ज भरायचे बेत चालू असतील त्यांना एवढंच सांगेन, की निदान चार-सहा महिने आधी सुरुवात करा. आपल्याकडे बालवाड्या आहेत, सुट्टीतली शिबिरं आहेत, आणि फुकट मदतीला कोणी नाही म्हणत नाही. त्यात एक तरी निवासी शिबिर असू द्या. दिवसा मुलं सगळ्यांनाच गोड वाटतात. रात्री उठावं लागलं की आपल्याला हे जमणार आहे का, ते आपलं आपल्यालाच कळतं, आणि ते तिकडे पोचण्याआधी कळलेलं बरं.

भाचीची मुलगी अजून बालवाडीत जाते. मुलाखत झाली, आता कशाला, असं आई म्हणते. ती म्हणते, मुलं विचारतात ना, ताई कुठे गेली म्हणून.