खोलण्याआधी वाच

आदिलाबाद

चि. निखिल यास,


मालकांनी त्यांची जुनी रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट तुझ्या गॅरेजात आणून उभी केली आहे आणि ‘इंजिन खोला, सगळं नवं टाका, चालू करून द्या’ असा त्यांचा आग्रह आहे, असं तू लिहिलंस. सुरुवात कुठून करू, हा तुझा प्रश्न. माझं मत आधीच सांगतो: वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन हा पुरावा आहे. तो वाचून झाल्याशिवाय पान्याला हात लावू नकोस, आणि वाचल्यावर जेवढं बिघडलेलं दिसेल तेवढंच दुरुस्त कर. हे मत जुन्या वस्तूंच्या भाबड्या प्रेमातून आलेलं नाही. या इंजिनांचा इतिहास आणि त्यांच्यातला धातू, दोन्ही हेच सांगतात.

आधी इतिहास बघ. १९०७ साली ब्रिटनमध्ये रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली एक सिल्व्हर घोस्ट १५,००० मैल पळवली. त्यातले १४,३७१ मैल तिने आपणहून कुठेही न थांबता कापले. नंतर गाडी पूर्ण खोलून झीज मोजली, तेव्हा तिला पुन्हा नव्यासारखी करायचा खर्च निघाला अवघा २ पौंड २ शिलिंग ७ पेन्स. आता त्याच्या उलट उदाहरण घे. हैदराबादच्या चौमहल्ला वाड्यात निजामांची पिवळी सिल्व्हर घोस्ट आहे. सहावे निजाम महबूब अली खान यांनी ती मागवली, पण १९११ साली त्यांचं निधन झालं आणि गाडी पुढचे निजाम उस्मान अली खान यांच्या काळात आली. ती शोभेची, सिंहासनाची गाडी होती, फारशी चाललीच नाही. अशा गाडीचा मीटर पाहून कोणीही म्हणेल की इंजिन नवंकोरं असणार. पण मीटर फक्त धावणं मोजतो, उभं राहणं मोजत नाही. नीट तेलपाणी असलेल्या या इंजिनाला धावण्याने फार थोडी इजा होते. खरी हानी होते ती उभं राहण्याने: दमट हवेने, साचलेल्या पाण्याने, आंबलेल्या तेलाने, वाळून चिकट झालेल्या पेट्रोलने. म्हणून तुझा पहिला प्रश्न ‘किती झिजलं?’ हा नसावा. ‘उभ्या-उभ्या काय काय झालं?’ हा असावा.

आणि या प्रश्नाचं उत्तर इंजिनातच लिहिलेलं असतं. सहा सिलिंडरचं इंजिन ज्या क्षणी थांबतं त्या क्षणी काही सिलिंडरांचे व्हॉल्व उघडे राहतात, काहींचे बंद. उघड्या व्हॉल्ववाटे बाहेरची हवा आत जात-येत राहते. आपल्याकडे पावसाळ्यात हवेला ओल असते आणि हिवाळ्यात दिवसाचं ऊन नि रात्रीचा गारठा यांत मोठं अंतर पडतं, त्यामुळे आतल्या थंड लोखंडावर दव धरतं आणि गंज चढतो. तेव्हा हँडल फिरवण्याआधी कोणता पिस्टन कुठे आहे आणि कोणते व्हॉल्व उघडे आहेत, याची नोंद कर. मग प्लग काढून बारीक कॅमेऱ्याने प्रत्येक सिलिंडर पाहा. उघड्या व्हॉल्वच्या सिलिंडरात गंज दिसला तर ती हवेची करणी, बहुतेक वेळा वरवरची. पण दोन्ही व्हॉल्व बंद असलेल्या सिलिंडरात गंज सापडला, तर पाणी आलं कुठून? तिथे वॉटर जॅकेटच्या भिंतीत भेग असल्याचा संशय घ्यायलाच हवा. सिल्व्हर घोस्टचे सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतलेले आहेत आणि त्यांचं हेड वेगळं निघत नाही, त्यामुळे अशी भेग म्हणजे फार मोठं काम. एक झटका देऊन क्रँक फिरवलास की कोणता गंज कुठल्या स्थितीत चढला हे कायमचं पुसलं जातं. घाईने खोलणारा माणूस वेळ वाचवत नाही, साक्षीदार गमावतो.

पुढची साक्ष इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधल्या तेलाची. नट सैल करून पहिले थेंब काचेच्या बरणीत घे आणि रात्रभर ठेव. खाली पाणी बसलं, तेल दुधाळ दिसलं, की पाण्याचा माग लागला. चंदेरी चुरा चमकला तर तो बहुधा बेअरिंगमध्ये ओतलेल्या मऊ धातूचा, म्हणजे व्हाइट मेटलचा, आणि मग खोलण्याला खरं कारण मिळालं. तेल काळं पण स्वच्छ असेल तर पातळ तेल सिलिंडरांत सोड, काही दिवस मुरू दे, मग प्लग काढलेलेच ठेवून हँडलने हळूहळू फिरव. स्टार्टर मोटर लावून अडकलेल्या पिस्टनशी जबरदस्ती करू नकोस. फिरायला लागलं की एकेक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवा भर आणि कान लाव. कार्बोरेटरकडे फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व, सायलेन्सरकडे आली तर एक्झॉस्ट, तेल भरायच्या तोंडाशी आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर पुन्हा ती भेग. ठिणगीचंही तसंच. मॅग्नेटो थंड असताना ठिणगी देतो आणि गरम झाला की सुस्तावतो, तेव्हा दोष बहुधा कंडेन्सरचा किंवा गुंडाळीत मुरलेल्या ओलीचा असतो. त्यासाठी सगळं इंजिन कशाला उघडायचं? एका वेळी एकच बदल कर, त्याचा परिणाम पाहा, लिहून ठेव. चार गोष्टी एकदम बदलल्यास तर गाडी चालू होईलही, पण कशाने चालू झाली हे तुला कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी बंद पडली की तू पुन्हा अंधारात चाचपडशील.

मालक म्हणतील, एवढी चिकित्सा कशाला, नवे भाग टाकले की भरवसाच भरवसा. या आक्षेपात तथ्य आहे. व्हाइट मेटल खरोखर सुटलं असेल तर ते पुन्हा ओतावंच लागेल, आणि ब्रेक-स्टिअरिंगच्या बाबतीत मी जुनेपणाची भीड अजिबात धरणार नाही. पण नवं म्हणजे निर्धोक, हे खरं नाही. जुन्या इंजिनाच्या तेलवाटांत साचलेला गाळ न काढता आजचं डिटर्जंट तेल भरलं, तर तो गाळ सुटून नेमका बेअरिंगच्या तोंडाशी अडकतो. आपल्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओल शोषतं, टाकीतला जुना थर सोडवतं, आणि जुन्या कार्बोरेटरांत लाखेचा लेप दिलेला बुचाच्या लाकडाचा फ्लोट असला तर तो लेपही विरघळवतं. म्हणजे नव्या तेलाने आणि नव्या पेट्रोलनेही जुनं इंजिन मरू शकतं. शिवाय कायदाही बघ. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांत व्हिंटेज वाहन म्हणजे ५० वर्षांहून जुनं, मूळ रूपात जपलेलं आणि मोठी फेररचना न केलेलं वाहन. सगळं नवं बसवून मालक ज्या ओळखीसाठी पैसे ओतणार आहेत, तीच धोक्यात येईल. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, फिव्हाच्या, टुरिन सनदेचाही रोख हाच: आधी जतन, मग गरजेपुरती दुरुस्ती, पुनर्निर्माण सर्वांत शेवटी.

दुसरा आक्षेप याच्या नेमका विरुद्ध टोकाचा. एवढंच जपायचं तर गाडी काचेआड ठेवा, चालवता कशाला? याचं उत्तर वरच आलं आहे. हे इंजिन न चालण्यानेच मरतं. अधूनमधून पूर्ण गरम होईपर्यंत चालवलं की आतली ओल निघून जाते, तेलाचा पातळ थर पुन्हा भिंतींवर चढतो. दोन मिनिटं फुरफुरवून बंद करणं मात्र वाईट, कारण तेवढ्या वेळात जळण्यातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. चालवणं हाही जतनाचाच भाग आहे, फक्त बेताचं आणि नोंद ठेवून.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि आदिलाबादेत बसून तो टाळणं मला शोभणार नाही. निजामांच्या आणि नवाबांच्या चैनीच्या वस्तूंवर आपण एवढा जीव का टाकावा? हा जिल्हा निजामांच्याच संस्थानात होता. याच मुलखात गोंडांचा नेता कोमराम भीम जल, जंगल, जमीन मागत उभा राहिला आणि १९४० साली जोडेघाटला निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. ही विषमता गाडीच्या चकाकीखाली झाकली जाता कामा नये, हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी पुराव्याचा आग्रह धरतो. लखलखीत नवी केलेली गाडी फक्त मालकाचं वैभव सांगते. न पुसलेलं इंजिन त्याला जगवणाऱ्या हातांबद्दलही सांगतं. खोलशील तेव्हा कदाचित इथल्याच कुणा मिस्त्रीने लेथवर कातलेला बुश सापडेल, हाताने कापलेलं गॅस्केट सापडेल, कारखान्याच्या नकाशात नसलेला नट सापडेल. कापसाच्या या पट्ट्यात जिनिंगच्या जुन्या शाफ्टांना व्हाइट मेटलचे बेअरिंग असत. मेटल ओतायचं, निळा रंग लावून शाफ्ट फिरवायचा, उठलेले ठिपके स्क्रेपरने घासायचे, हे कसब नवाबी नव्हतं, कामगारांचं होतं. ‘हे मूळ नाही’ म्हणून त्यांचं काम भंगारात टाकलंस, तर रयतेचं नाव दुसऱ्यांदा पुसलंस. तो भाग अजून सुरक्षित काम देत असेल तर राहू दे. देत नसेल तर बदल, पण चिठ्ठी बांधून जपून ठेव.

मालकांना समजवताना तत्त्व सांगत बसू नकोस, व्यवहार सांग. तपासणीचा खर्च थोडा आहे आणि तो आधी होतो. चुकीचं खोलण्याचा खर्च मोठा आहे आणि तो नंतर कळतो. त्यांना एक वही दे, तिच्यात प्रत्येक सिलिंडरची स्थिती, तेलाचा रंग, हवेची गळती, केलेला बदल आणि काढलेला भाग लिहिलेला असू दे. त्या वहीच्या आधारे जे खोलावं लागेल ते बिनधास्त खोल, तिथे हात आखडू नकोस. जे खोलायचं कारण वहीत सापडत नाही, त्याला मात्र कितीही आग्रह झाला तरी हात लावू नकोस. मालकांनी तुला काम दिलं आहे, पण उद्या हे इंजिन ज्याच्या हाती जाईल त्यालाही तू बांधील आहेस, आणि त्याला उत्तर देता येईल असंच काम कर.

तुझा,
काका