कॉरेजिडॉर: तोफा थंडावलेलं बेट
मनिलाला गेलात तर मॉल्स बघालच, पण एक दिवस कॉरेजिडॉरसाठी राखून ठेवा. मनिला बेच्या तोंडावरचं, शेपटीवाल्या बेडूकपिल्लाच्या आकाराचं हे बेट. गंजलेल्या अजस्र तोफांसोबत फोटो काढताना मी पक्का टुरिस्ट होतो. मालिंटा टनेलमध्ये शिरलो आणि गप्पच झालो. १९४२ मध्ये वर बॉम्ब पडत होते, तेव्हा इथे आत हॉस्पिटल चालू होतं. मार्चमध्ये जनरल मॅकआर्थर बेट सोडून गेले. मागे राहिलेल्यांनी ६ मे रोजी जपान्यांपुढे शस्त्रं टाकली. १९४५ मध्ये अमेरिकन परतले, तेव्हा याच टनेलमध्ये अडकलेल्या जपान्यांनी स्फोट घडवून स्वतःला संपवलं. बाजू वेगळ्या, अंधार तोच. त्यातले कितीतरी जण आपल्याच वयाचे!
जाणार असाल तर टोपी, पाणी, टॉर्च घ्या. आणि टनेलमध्ये पाच मिनिटं तरी कॅमेरा बॅगेत ठेवा.