पाव मैलाची पंचक्रोशी

१९७२ या एका वर्षात डिक ट्रिकलनं ६७ शर्यती जिंकल्या. गाडी जांभळी मस्टँग, नंबर ९९. या शर्यती टीव्हीवर दिसणाऱ्या नव्हत्या. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात गावोगावच्या छोट्या ट्रॅकवर रात्री दिव्यांच्या उजेडात त्या व्हायच्या आणि बघायला यायचे ते दूधवाले शेतकरी, कागद गिरणीतले कामगार आणि त्यांची पोरंबाळं. मी या राज्यात राहायला आल्यापासून ज्या ज्या शर्यतवेड्या माणसानं मला हे नाव सांगितलं, त्यानं ते जरा सावरून बसून सांगितलं.

विस्कॉन्सिन रॅपिड्स हे त्याचं गाव, जन्म १९४१चा. आठ वर्षांचा असताना, बांधकाम चालू असलेल्या घरात खेळता खेळता तो वरच्या मजल्यावरून थेट तळघरात कोसळला. खुबा मोडला. पोरगा पुन्हा चालेल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. पुढची काही वर्षं प्लास्टरमध्ये गेली आणि पाय ओढत चालणं जन्माला चिकटलं. त्याच दिवसांत एका शेजाऱ्यानं त्याला क्राउन स्पीडवेवर शर्यत बघायला नेलं. त्यानंतर त्याच्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. जवळच्या रुडॉल्फ गावात लोहाराच्या हाताखाली काम करून त्यानं पैसे साठवले, १९५०ची जुनी फोर्ड घेतली आणि १९५८ साली, सोळाव्या वर्षी, शर्यतीत उतरला.

ही दुनिया मला कळली ती स्लिंगरला. मिलवॉकीच्या वायव्येचं हे छोटं गाव. तिथला ट्रॅक पाव मैलाचा, म्हणजे जेमतेम चारशे मीटरचा, आणि वळणांवर ३३ अंशांनी कललेला. वेगवान गाड्या एक फेरी बारा सेकंदांच्या आत मारतात. कठड्याजवळ बसलं तर झिजलेल्या रबराचे काळे कण केसांत आणि हातातल्या मक्याच्या लाह्यांत येऊन पडतात. शर्यत संपली की प्रेक्षकांना गाड्यांपाशी जाऊ देतात. तिथे एक कॉलेजवयीन मुलगी गुडघ्यांवर बसून टायरभोवती टेप गुंडाळत होती आणि घेराचा आकडा खडूनं रबरावर लिहीत होती. मागच्या उजव्या टायरचा घेर डाव्यापेक्षा जास्त ठेवतात, त्यामुळे गाडी आपसूक डावीकडे वळायला बघते. वळणं सगळी डावीकडचीच. हवेचा दाब थोडा बदलला तरी हा फरक बदलतो, म्हणून ती एकेक टायर दोनदा मोजत होती. तिचे वडील गाडीखाली आडवे पडून तिला आकडे विचारत होते. सकाळी दोघंही आपापल्या कामावर जाणार होते.

ट्रिकलचा उन्हाळा असाच जायचा, फक्त आठवड्यात चार-चार, पाच-पाच रात्री. आज वॉसॉ, उद्या कॉकॉना, परवा मॅडिसनजवळ, मग वेस्ट सेलम. जत्रांच्या हंगामात तमाशाचा फड गावं बदलत फिरावा तसा. रात्री शर्यत, मग गाडी ट्रेलरवर चढवायची, घरी येऊन दुरुस्ती, आणि पुन्हा रस्ता. त्याचं घर या बक्षिसांवर चालायचं, त्यामुळे गाडी मोडणं म्हणजे पुढच्या रात्रीची कमाई बुडणं.

मला या सगळ्यात मोठं वाटतं ते पुढचं. छोट्या ट्रॅकवर बहुतेक ठिकाणी सर्वांत वेगवान गाडीला मागून सोडतात. जिंकायचं असेल तर सगळा ताफा ओलांडूनच पुढे जावं लागतं, तेही तीस-चाळीस फेऱ्यांत आणि दोन गाड्या कशाबशा शेजारी मावतील एवढ्या जागेत. पुढच्याच्या बंपरला धक्का देऊन त्याला फिरवणं सोपं असतं. पण ज्याला आज फिरवलं तो उद्या रात्री पुन्हा शेजारी उभा असतो, परवाही असतो, आणि त्याचीही गाडी घरच्या पैशांतून उभी राहिलेली असते. ट्रिकल लोकांना न ठोकता पुढे जायचा, अशी त्याची ख्याती होती. हे कौशल्य मोठ्या मैदानावर शिकायला मिळत नाही. जिथे माणसं रोज तीच असतात, तिथेच ते मुरतं.

म्हणूनच तरुण पोरं त्याच्याकडे शिकायला यायची. रस्टी वॉलेस, मार्क मार्टिन, ॲलन कुल्विकी हे पुढे देशभर गाजलेले ड्रायव्हर आधी मिडवेस्टमधल्या एएसए मालिकेत त्याच्याशी झुंजले. १९८४ आणि १९८५ची ती मालिका त्यानंच जिंकली, चाळिशी उलटून गेल्यावर. आपल्या युक्त्या तो प्रतिस्पर्ध्यांपासून लपवायचा नाही, असं त्याच्याशी झुंजलेले ड्रायव्हर सांगत आले आहेत.

मग १९८९ आलं. एका जखमी ड्रायव्हरच्या जागी त्याला नॅस्कारच्या विन्स्टन कपमध्ये, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या मालिकेत, गाडी मिळाली आणि वर्षाअखेरीस त्याला नवोदितांचा किताब मिळाला. वय ४८! इतका वयस्क नवोदित त्याआधी झाला नव्हता. शर्यतीत पिवळा झेंडा पडून वेग मंदावला की तो गाडीतच सिगारेट पेटवायचा, त्यासाठी लायटरही बसवलेला होता. लोकांना ते फार आवडायचं. पण त्या मालिकेत एकूण ३०३ शर्यतींत त्याला एकही विजय मिळाला नाही. क्रीडावाहिनीवरचे निवेदक इंग्रजीत चावट वाटणाऱ्या त्याच्या नावाची गंमत म्हणून तो कितवा आला ते दर वेळी मिश्कीलपणे सांगायचे, आणि देशातल्या लाखो लोकांना तो तेवढाच माहीत झाला. मला याचा राग येतो. तो उशिरा वर गेला, लवकर जायला हवा होता, असंही पुष्कळ जण हळहळून म्हणतात. मला ते पटत नाही. चाळिशीपर्यंत तो कशाची वाट बघत बसला नव्हता. त्याचं काम चालू होतं, त्यावर घर चालत होतं आणि पंचक्रोशी त्याला ओळखत होती. वर जाणं ही त्या कामाला फुटलेली एक वाट होती, एवढंच.

छातीतल्या जुनाट, उपाय न सापडणाऱ्या दुखण्यानं थकून १६ मे २०१३ला, ७१व्या वर्षी, त्यानं नॉर्थ कॅरोलायनात आपलं आयुष्य संपवलं. त्या वेदनेबद्दल बाहेरच्यानं काही बोलू नये. आता वेस्ट सेलमच्या ट्रॅकवर ऑक्टोबरफेस्टच्या शर्यतींत त्याच्या नावाची ९९ फेऱ्यांची शर्यत होते.

त्यानं आयुष्यात किती शर्यती जिंकल्या? अंदाज बाराशेच्या घरातला आहे. ज्या जिंकल्या नाहीत त्या ३०३ची बारीकसारीक नोंद आहे, कुठल्या दिवशी कितवा, किती फेऱ्या, किती डॉलर. जिंकलेल्यांचा मात्र अंदाजच. छोट्या ट्रॅकचे निकाल गावच्या वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर यायचे. त्यांतली कित्येक पत्रं बंद पडली, आणि कित्येक ट्रॅकवर आता गवत किंवा घरं आहेत. ट्रिकलसारखे दुसरे शेकडो ड्रायव्हर तर अंदाजातही नाहीत. गावोगावच्या वाचनालयांत त्या वर्तमानपत्रांचे जुने अंक अजून आहेत. कुणीतरी ते काढून, एकेका शनिवारचा निकाल वहीत उतरवायला बसायला हवं, आणि तेही त्या रात्री गाडीखाली पाना धरून बसलेली माणसं विचारायला हयात आहेत तोवर.