यंत्राचें डोकें

आमच्या शाळेच्या कचेरींतील संगणक २००७ सालच्या अखेरीस घेतलेला. माणसाचें आठवें वर्ष म्हणजे बाळपण, पण संगणकाचें आठवें वर्ष म्हणजे वार्धक्यच. एखादें पान उघडेपर्यंत समोरचा चहा निवून जाई, आणि आम्ही शिक्षकमंडळी त्यास हंसत असूं. परंतु २०१५ च्या डिसेंबरांत वांबोरीकडील एक माउली कांदालागणीचा रोज बुडवून, मुलाच्या दहावीच्या अर्जांतील जन्मतारीख दुरुस्त करून घेण्यास नगरास आली. परतीच्या गाडीची वेळ झाली तरी तिचें काम होईना. "गुरुजी, मग उद्यां पुन्हां येऊं का?" एवढेंच तिनें विचारलें. तिचा दुसऱ्याहि दिवसाचा रोज आमच्या यंत्रापायीं बुडणार होता. तेव्हांपासून आमचें हंसणें थांबलें.

नव्या संगणकास पैसा नव्हता. मग जुन्याचेंच डोकें बदलावें असें आम्हीं ठरविलें. संगणकाचें डोकें म्हणजे त्याचा प्रोसेसर. १९७१ सालीं इंटेल कंपनीनें काढलेल्या ४००४ या प्रोसेसरांत सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर होते. आम्हीं पसंत केलेल्या कोअर २ ड्युओ ई ८४०० या प्रोसेसरांत ते ४१ कोटी आहेत, आणि तेहि तळहातावर सहज मावणाऱ्या चौकोनांत! आमच्या यंत्रांत पेंटियम ड्युअल-कोअर ई २१४० होता. त्याचे ठोके सेकंदास १६० कोटी, नव्याचे ३०० कोटी. जुन्याची जवळची स्मृति एक मेगाबाइट, नव्याची सहा. दोघांची बैठक एकच, ७७५ टांचण्यांची. आणि उष्णतेचें मानहि दोघांचें ६५ वॅटच, म्हणून पंखा व वीजपेटी बदलावयास नको. असा हिशेब कागदावर मांडून, नव्या यंत्राच्या किमतीच्या अल्पांशांत, वापरलेला पण धड असा तो प्रोसेसर आम्हीं पुण्याहून आणविला.

नाताळच्या सुटींत एके सकाळीं आम्ही एकटेच कचेरींत बसलों. आम्ही विज्ञानाचे पदवीधर. कोणास विचारावयाचें कारण आम्हांस वाटलें नाहीं. विजेची तार काढली, पेटीच्या लोखंडास हात लावून अंगांतील वीज उतरविली, पंखा सोडविला, जुना प्रोसेसर उचलून नवा बसविला. त्यावर तुरीच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवून पंखा दाबून बसविला आणि कळ दाबली. पंखा फिरूं लागला, पण पडदा मात्र काळा तो काळाच. तासभर खटपट केली, परंतु व्यर्थ. शाळेचे पैसे बुडाले, या विचारानें आमच्या कपाळीं ऐन थंडींत घाम आला.

शेवटीं, जुना प्रोसेसर परत बसवून, आम्ही बाजारांतील एका दुरुस्तीच्या दुकानीं गेलों. दुकानदार आमचाच माजी विद्यार्थी. त्यानें सर्व ऐकून घेतलें व एकच प्रश्न केला : "सर, आधीं बायोस नवा केला होतात का?" आम्ही गप्प. तो म्हणाला, "प्रोसेसर चांगला असेल, सर. बोर्डाचा बायोस २००७ चा आणि हा प्रोसेसर आला २००८ सालीं. बोर्ड त्याला ओळखतच नाहीं."

हें ऐकतांना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. याच मुलाच्या प्रगतिपुस्तकांत आम्हीं एकदां स्वहस्तें लिहिलें होतें : "आकलन मंद." त्यानें तें मनांत ठेवलें असल्याची एकहि खूण दिसूं दिली नाहीं. उलट दुकान बंद करून, आपल्या दुकानचा यूपीएस खांद्यावर घेऊन तो आमच्याबरोबर आला. बायोस बदलण्याचें काम दोनतीन मिनिटांचें; पण त्या अवधींत वीज गेली तर बोर्ड कायमचा निकामी होण्याचें भय असतें. आणि नेमकें तसेंच झालें! पडद्यावरील रेघ अर्ध्यावर आली असतां कचेरींतील दिवा विझला. यूपीएस पीं पीं करूं लागला, आम्ही श्वास रोधून उभे, आणि तो मात्र शांतपणें रेघेकडे पाहत होता. रेघ पुरी झाली. मग त्यानें नवा प्रोसेसर बसविला, पंख्याच्या चार खुंट्या समोरासमोरच्या जोडीनें दाबल्या. वीज आल्यावर यंत्र सुरूं केलें, तों पडद्यावर ई ८४०० असें नांव झळकलें.

सुटी संपल्यावर कचेरीचीं कामें झपाट्यानें होऊं लागलीं. इंटरनेटची मंद गति मात्र होती तशीच राहिली. डोकें बदलल्यानें रस्ता रुंद होत नाहीं. त्यासाठीं पुढें निराळी जोडणी घ्यावी लागली. आज तो संगणक कचेरींत नाहीं. विंडोज ११ साठीं तो प्रोसेसर मान्य नाहीं. म्हणून लिनक्स घालून तो आम्हीं वाचनालयांत ठेविला आहे, व मुलें त्यावर मराठी टंकलेखन शिकतात.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या पुण्याच्या सी-डॅक या संस्थेनें १९९१ सालीं परम ८००० हा महासंगणक उभारला, तो अनेक लहान प्रोसेसर एकमेकांस जोडून. साधन अपुरें म्हणून हातपाय गाळूं नयेत, हा धडा त्यांत आहेच. परंतु आमच्या कचेरींतील यंत्रानें दिलेला धडा अधिक करून आम्हां शिक्षकांसाठीं व पालकांसाठीं आहे. त्या सकाळीं पडदा काळा राहिला तो प्रोसेसराच्या दोषानें नव्हे. त्यास ओळखणारें ज्ञान बोर्डापाशीं नव्हतें. प्रगतिपुस्तकांत शेरा लिहितांना अलीकडे आमची लेखणी थबकते. समोरचें डोकें मंद आहे, कीं तें ओळखण्यापुरते आम्हीच अजून नवे झालों नाहीं, याचा आधीं विचार करावा लागतो.